बांबूची दोन टोके : कामगार संघटना आणि जंगलातले राजकीय बळ



बल्लारपूरच्या कागद कारखान्याला लागणारा बांबू कित्येक दशके गडचिरोलीच्या जंगलातून येत होता. दीर्घ मुदतीच्या करारांनी सरकारने तो कारखान्याला दिला होता, आणि बाजारभावाच्या मानाने फार स्वस्तात दिला होता. या बांबूच्या एका टोकाला कारखान्यातला कामगार होता. त्याची नोंदणी झालेली संघटना होती, मागणीपत्र होते, वेतनकरार होता, बोनस आणि भविष्य निर्वाह निधी होता. निवडणूक आली की उमेदवाराला त्याच्या गेटसभेला यावेच लागे. दुसऱ्या टोकाला धानोरा, एटापल्ली, भामरागडकडच्या जंगलात बांबू तोडणारा माणूस होता. त्याची गाठ फक्त मुकादमाशी. दर कोणी ठरवला हे त्याला ठाऊक नसे आणि मोजणीत कमी धरले तर दाद मागायला जागा नसे. बांबू एकच आणि अखेरीस त्यावर नफा मिळवणारी कंपनीही एकच. तरी एका टोकाच्या श्रमाला राजकीय वजन आले आणि दुसऱ्या टोकाच्या श्रमाला आले नाही. असे का झाले, आणि गेल्या दीड दशकात हे चित्र कुठे बदलले, याचा विचार आज मी मांडणार आहे.

नेहमी मिळणारे उत्तर असे की जंगलातला मजूर अशिक्षित, विखुरलेला आणि संख्येने दुर्बळ. यातले विखुरलेपण खरे आहे, बाकीचे तपासून पाहावे लागेल. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ होती आणि जिल्ह्याचा सुमारे ७० टक्के भूभाग वनाच्छादित आहे. अशा जिल्ह्यात तेंदूपत्ता, बांबू, मोहफूल, कूपातली लाकूडतोड यांपैकी एखादे काम न करणारे ग्रामीण घर शोधावे लागेल. म्हणजे संख्या कारखान्याच्या कितीतरी पट. तक्रारही कमी नव्हती. कमी मजुरी, उशिरा मिळणारे चुकारे, वनरक्षकाची दहशत या गोष्टींची नोंद १९७० च्या दशकापासून सरकारी अहवालांतही सापडते. प्रतिनिधित्व नव्हते असेही म्हणता येत नाही. आरमोरी, गडचिरोली, अहेरी हे तिन्ही विधानसभा मतदारसंघ आज अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत आणि गडचिरोली-चिमूर हा लोकसभा मतदारसंघही राखीव आहे. संख्या, तक्रार आणि आपल्या समाजाचा आमदार, हे तिन्ही असूनही श्रमिक म्हणून दबाव निर्माण झाला नाही. तेव्हा दबावगटाचे बळ दुसरीकडे कुठेतरी असले पाहिजे.

ते कुठे असते, हे शेजारच्या चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात स्पष्ट दिसते. घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, सास्ती या खाणी १९७३ पूर्वी खासगी वा विखुरलेल्या मालकीच्या व्यवस्थेत वाढल्या. १ मे १९७३ ला कोळशाचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाली आणि चंद्रपूरच्या खाणी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, म्हणजे वेकोलिच्या झाल्या. त्याच सुमारास देशभरच्या कोळसा कामगारांसाठी एकच वेतनकरार करण्याची पद्धत सुरू झाली. एका बाजूला व्यवस्थापन, दुसऱ्या बाजूला केंद्रीय कामगार संघटना, आणि ठरलेला दर सर्वांना लागू. त्या मालिकेतला अकरावा करार २० मे २०२३ रोजी झाला. त्याने १ जुलै २०२१ पासून १९ टक्क्यांची किमान वाढ दिली आणि सुमारे २.८ लाख कामगारांना तो लागू झाला. हे बळ आले दोन गोष्टींतून. पहिली म्हणजे काम थांबवले की कुणाला तरी लगेच कळ लागते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. त्याच्या आवारातला कोळशाचा साठा महिनोन्‌महिने पुरत नाही. दुर्गापूरच्या खाणीत काम थांबले तर त्याची चिंता मुंबईच्या मंत्रालयात पोचते. दुसरी म्हणजे समोर बसायला बांधील असलेला पक्ष. राष्ट्रीयीकरणाने एकच मालक दिला, करारपद्धतीने त्याला टेबलापाशी आणले. काम थांबवण्याची, आणि थांबल्यावर उपाशी न राहता वाट पाहण्याची ताकद, आणि संघटनेशी बोलल्यावाचून समोरच्याला गत्यंतर नाही अशी मान्यता, ही माझ्या मते कामगार संघटनेच्या राजकीय बळाची मुळे आहेत. सदस्यसंख्या त्यांच्यानंतर येते.

यावर पहिला आक्षेप येतो तो संघटनांच्या राजकारणावरच. कामगार संघटनांनी वेतनापुरते पाहावे, राजकारण करू नये, असे आपल्याकडे सुशिक्षित लोक सहज म्हणतात. कायदा तसे म्हणत नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन्स ॲक्टने, म्हणजे ब्रिटिश राजवटीतल्या कायद्याने, संघटनेला वेगळा राजकीय निधी उभारण्याची मुभा दिली. त्यात वर्गणी द्यायची की नाही हे सदस्यावर सोडले, पण निधी बेकायदा ठरवला नाही. मजुरीचा दर, खाणीतली सुरक्षितता, संपाचा हक्क हे सगळे कायद्याने ठरते आणि कायदा विधिमंडळात होतो, हे तेव्हाच्या कायदेकर्त्यांनाही मान्य होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संपात उतरले, त्यामागे हीच समज होती. पुढे मजूरमंत्री म्हणून १९४३ मध्ये त्यांनी संघटनांना मान्यता देणे मालकावर बंधनकारक करणारे विधेयक मांडले. मान्यतेवाचून संघटना म्हणजे केवळ गर्दी, हे त्यांनी नेमके ओळखले होते. महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्याने मान्यतेची कसोटी ठरवली, त्यात सलग सहा महिने किमान ३० टक्के सदस्यत्वाची अट घातली. कोण बोलणार, हे ठरले की बोलण्याला अर्थ येतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मी टाळणार नाही. कोळशातल्या संघटना आपल्या सदस्यांचेच भले पाहतात, असे म्हणतात. यात तथ्य आहे. कोल इंडियाच्या सुरुवातीच्या काळात सहा लाखांहून अधिक कामगार होते. आज ती संख्या सव्वादोन लाखांच्या आसपास आहे. उत्पादन मात्र १९७५ च्या ७९ दशलक्ष टनांवरून २०२३-२४ मध्ये ७७३ दशलक्ष टनांवर गेले. यंत्रे आली, खुल्या खाणी आल्या हे खरे. पण माती काढणे, कोळसा उचलणे, वाहतूक ही कामे मोठ्या प्रमाणावर ठेकेदारांकडे गेली हेही तितकेच खरे. त्याच खाणीत कायम कामगाराशेजारी डंपर चालवणारा ठेकेदारी कामगार त्याच धुळीत काम करतो आणि त्याला पगार मात्र त्याच्या काही अंशानेच मिळतो. १९७० चा ठेका कामगार कायदा हातात असताना संघटनांनी हे घडू दिले. त्याचा परिणाम संघटनांवरच उलटला. २०१५ च्या जानेवारीत कोळसा अध्यादेशाविरुद्ध पाच दिवसांचा संप पुकारला गेला, दोन दिवसांनी आश्वासनावर मागे घेतला गेला, आणि मार्चमध्ये कायदा झालाच. जुलै २०२० मध्ये व्यावसायिक खाणकामाविरुद्ध तीन दिवस संप झाला; लिलाव झालेच. म्हणजे पगारवाढीत बलवान आणि धोरणात दुर्बळ अशी ही स्थिती आहे. याचे कारण उघड आहे. जेव्हा कोळशाचा मोठा हिस्सा आपले सदस्य नसलेल्या हातांनी निघतो, तेव्हा काम थांबवण्याची किल्ली आपल्याकडे राहत नाही. स्वार्थी संघटना नैतिकदृष्ट्या कमी पडते की नाही हा वाद बाजूला ठेवला तरी ती राजकीयदृष्ट्या कमी पडते, एवढे या दहा वर्षांतून सिद्ध होते.

या धड्याचे उलट उदाहरण आपल्या सीमेपलीकडे फार लांब नाही. दल्ली-राजहराच्या लोहखाणींत १९७७ मध्ये ठेकेदारी कामगारांनीच छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ उभा केला. शंकर गुहा नियोगी त्याचे नेते होते. मान्यताप्राप्त संघटनांनी ज्यांना बाहेर ठेवले त्यांनी स्वतःची संघटना केली, रुग्णालय काढले, दारूविरुद्ध मोहीम चालवली. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची हत्या झाली. एटापल्ली तालुक्यात आज सुरजागडची लोहखाण चालू आहे. तिथला कामगारही मुख्यतः ठेकेदारामार्फतच येणार असेल, तर दल्ली-राजहराचा तो अनुभव गडचिरोलीच्या अगदी अंगणातला आहे.

आता जंगलाकडे वळू. तेंदूपत्त्याचा हंगाम एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात, जेमतेम काही आठवड्यांचा. पान कोवळे असताना तोडले तर विडीला चालते. जून झाले की किंमत जाते, पाऊस पडला तर सगळेच जाते. ७० पानांचा एक पुडा आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी, असा हिशोब. पहाटे जंगलात जायचे, दुपारी घरातल्या सगळ्यांनी बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मुन्शीपुढे मोजून द्यायचे. बायका आणि मुले यांच्यावाचून हे काम होतच नाही. वरकरणी पाहिले तर इथे मजुराच्या हातात कोळसा कामगारापेक्षाही धारदार हत्यार आहे. दहा दिवस पान तोडले नाही तर कंत्राटदाराची अनामत बुडते. पण दहा दिवस पान तोडले नाही तर मजुराचे काय होते? पेरणीच्या बियाण्याचे आणि पावसाळ्यातल्या धान्याचे पैसे याच हंगामातून येतात. दोघांनाही घाई आहे. पण एकाची घाई नफ्याची आहे आणि दुसऱ्याची पोटाची. वाट पाहण्याची ताकद ज्याच्याकडे आहे तोच दर ठरवतो. त्यातच १९६९ च्या वनोपज व्यापार नियमन कायद्याने तेंदू सरकारच्या मक्तेदारीत आला. त्याने छोट्या व्यापाऱ्याची लूट थांबवली असेल, पण मजुराच्या दृष्टीने समोरचा पक्ष धूसर केला. विकणारा वनविभाग, विकत घेणारा कंत्राटदार, आणि मजुरी व प्रोत्साहनपर बोनस ठरवणारे सरकार. मागणीपत्र कोणापुढे ठेवायचे? मालक नाही म्हणून औद्योगिक कलह नाही, कलह नाही म्हणून तडजोड अधिकारी नाही. १९७६ च्या कल्याण उपकराचे लाभ विडी वळणाऱ्या कामगारासाठी होते. पान तोडणारा त्या व्याख्येच्या बाहेरच राहिला.

ही रिकामी जागा १९८० नंतर कोणी भरली, हे या जिल्ह्यात सांगावे लागत नाही. गोदावरी ओलांडून सिरोंचा भागात आलेल्या पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाच्या दलमांनी, म्हणजे सशस्त्र तुकड्यांनी, सुरुवातीलाच हाती घेतले ते तेंदू आणि बांबूचे दर. दर वाढले. हे नाकारण्यात प्रामाणिकपणा नाही. त्यातूनच काही अभ्यासक असे म्हणतात की जंगलातल्या मजुराला न्याय बंदुकीनेच मिळाला. मला हे मत मान्य नाही, आणि ते केवळ हिंसेच्या तिरस्कारापोटी नाही. संघटनेचे बळ सदस्याच्या हातात असते: तो वर्गणी देतो, सभेत प्रश्न विचारतो, पदाधिकारी बदलू शकतो, करार नाकारू शकतो. दलमच्या दरवाढीत यातले काहीच नव्हते. कंत्राटदाराकडून जी वसुली होई ती शेवटी पानाच्या भावातूनच जाई, आणि तिचा हिशोब मजूर मागू शकत नव्हता. याहून मोठे नुकसान दुसरे झाले. दर मागणे म्हणजे नक्षल समर्थन, असा संशय पोलीस आणि प्रशासनाच्या मनात बसला. त्यामुळे जी साधी, उघड, वर्गणीदार संघटना इथे वाढू शकली असती, तिची जागा दोन्ही बाजूंनी आवळली गेली.

बदल आला तो कामगार कायद्यातून आला नाही, आणि इथे माझा मुख्य मुद्दा येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मान्य केले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर तो हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने त्या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची आणि अभ्यासगट चालवण्याची शिस्त त्याआधी दोन दशके घडवली होती. तरी बांबू विकायला निघाले तेव्हा वाहतूक परवान्यावर अडले. वनविभागाचे म्हणणे, बांबू हे गौण वनोपज नाही, झाड आहे. अखेर केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी २०११ च्या मार्चमध्ये मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज असल्याचे कळवले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना देण्याचे अधिकार ग्रामसभेकडे आले. त्यानंतर गावाने स्वतः निविदा काढून बांबू विकला. ज्या टोकाला पूर्वी मुकादम होता तिथे आता विक्रेता उभा राहिला. तोड करणाराच मालक झाल्यामुळे मजुरीचा दर गावाच्या सभेत ठरू लागला आणि उरलेला नफा गावाच्या खात्यात राहिला. गडचिरोली आणि गोंदियातल्या अनेक ग्रामसभांनी २०१३ पासून तेंदूतही हेच केले. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, २०१४ च्या नियमांनंतर ग्रामसभेने वनविभागामार्फत विकायचे की स्वतः लिलाव करायचा, हा पर्यायही नियमांत आला. कोरचीसारख्या तालुक्यात ग्रामसभांचा महासंघ उभा राहिला आणि लिलाव एकत्र होऊ लागले.

अशा ग्रामसभेला मी कामगार संघटनाच म्हणतो. का? कारण कामगार संघटना जे काम करते ते सगळे ही संस्था करते: श्रमाचा दर सामूहिकपणे ठरवते, एकमेकांना कमी दरात विकण्यापासून रोखते, समोरच्याशी एकाच तोंडाने बोलते आणि मागे न हटता थांबण्याची शक्यता निर्माण करते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये मांडले की मोठा गट आपोआप संघटित होत नाही. लाभ सर्वांना मिळणार असेल तर कष्ट दुसऱ्याने करावेत असे प्रत्येकाला वाटते. छोट्या गटात मात्र हे चालत नाही, कारण तिथे कोण मागे राहिला हे दिसते. आणि छोट्या गटांचा महासंघ मोठ्या गटाचे काम करू शकतो. गोंड, माडिया गावाची सभा हा नेमका तसा छोटा गट आहे. कारखान्याने गेटवर जे एकत्रीकरण घडवले ते इथे गावाने आधीच घडवलेले होते. फक्त त्याला मालमत्ता आणि कायद्याची मान्यता नव्हती. ती मिळताच राजकीय वजनही दिसू लागले. २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत ग्रामसभांच्या पाठबळावर भामरागडमधून लालसू नोगोटी आणि एटापल्लीतून सैनू गोटा निवडून आले. पक्षांची तिकिटे नव्हती. ज्या सभांनी पानाचा लिलाव केला त्यांनीच उमेदवार ठरवला, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

कामगार चळवळीतले जुने कार्यकर्ते यावर एक आक्षेप घेतात. ग्रामसभेत सगळे गाव येते: दोन बैलजोड्या असलेला शेतकरी, दुकानदार, पोलीस पाटील आणि भूमिहीन मजूरही. मालक आणि मजूर एकाच सभेत असतील तर ती मजुराची संघटना कशी? हा आक्षेप पूर्णपणे खोडता येत नाही. वेकोलिच्या भूसंपादनात दोन एकरांमागे एक नोकरी मिळते आणि त्याच शेतावर राबणाऱ्या भूमिहीनाला काहीच मिळत नाही. गाव एक म्हणून बोलते तेव्हा त्यातला सर्वांत गरीब माणूस सहज गाळला जातो, हे यातून शिकायचे आहे. पण तेंदू आणि बांबूच्या बाबतीत एक फरक आहे. इथे जमीन सामूहिक आहे आणि उत्पन्न मुख्यतः तोडलेल्या पुड्यांवर वाटले जाते. जो जास्त राबतो त्याला जास्त, आणि राबणाऱ्यांत भूमिहीन घरे व बायका पुढे असतात. ब्राझीलच्या ॲक्रे प्रांतात शापुरीच्या ग्रामीण कामगार संघटनेने हेच उलट दिशेने केले. चिको मेंडेस आणि त्यांचे रबर काढणारे सोबती मजुरीच्या मागणीपासून निघाले आणि जंगलच वाचले पाहिजे या मागणीवर पोचले. २२ डिसेंबर १९८८ ला मेंडेस यांची हत्या झाली. त्यानंतर तिथल्या सरकारने जंगल लोकांच्या वापरासाठी राखून ठेवण्याची व्यवस्था केली. ते संघटनेकडून जंगलाकडे गेले, गडचिरोली जंगलाकडून संघटनेकडे येत आहे.

शेवटचा आक्षेप बाजाराचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत कठीण. २०१७ मध्ये तेंदूचे भाव चढले आणि पुढच्याच वर्षी कोसळले. काही ठिकाणी बोली लावायलाही कोणी आले नाही. ग्रामसभा विक्रेता झाली म्हणजे तोटाही तिच्याच अंगावर आला; मजूर असता तर निदान सरकारी दर तरी मिळाला असता, असे लोक म्हणू लागले. त्यातच जुलै २०१७ पासून तेंदूपत्त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागला, आणि खरेदीदार तो आपल्या बोलीतून वजा करणार हे ओघानेच आले. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला. पण आठ वर्षे या दराबद्दल जी वस्तू व सेवा कर परिषद निर्णय घेत होती तिथे पान तोडणाऱ्यांचे म्हणणे मांडणारे कोणी नव्हते. भाव पडणे हा ग्रामसभेचा दोष मानून पुन्हा वनविभागाकडे जावे, असा याचा निष्कर्ष काढला जातो. मला तो चुकीचा वाटतो. भाव पडला तेव्हा कमी पडले ते मालकी हक्क नव्हे, तर थांबण्याचे साधन. पान वाळवून, गोदामात ठेवून, भाव सुधारेपर्यंत विकायचे नाही, हे कंत्राटदार करतो कारण त्याच्याकडे भांडवल आहे. ग्रामसभेकडे तोडणाऱ्याला आठवड्याचे चुकारे देण्याइतकेही खेळते भांडवल नसते. महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने विखुरलेल्या हमालांसाठी मंडळ उभारले. मालक कोणताही असो, पैसे मंडळात भरायचे आणि मंडळ मजुरी व भविष्य निर्वाह निधी पाहील. अण्णासाहेब पाटलांनी हे मुंबईच्या बाजारपेठेत करून दाखवले. तेंदूसाठी असे मंडळ, ज्यात खरेदीदाराने लिलावाच्या वेळीच रक्कम भरावी, ग्रामसभांच्या महासंघाला निम्म्या जागा असाव्यात, आणि हंगामाआधी फळीवरच्या चुकाऱ्यांसाठी आगाऊ निधी मिळावा, हे राज्याच्या अधिकारात आहे. गोदाम आणि पावतीवर कर्ज ही व्यवस्था धानाला मिळते, पानाला का मिळू नये, हे मला कुणी पटवून दिलेले नाही.

आणि या मागणीत चंद्रपूरच्या संघटनांचा वाटा असायला हवा. त्यात त्यांचेही हित आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. संपासाठी आता सर्वच उद्योगांत आगाऊ नोटीस लागते आणि ५१ टक्के सदस्यत्वाची संघटनाच एकटी वाटाघाट करू शकते. ठेकेदारी कामगारांना बाहेर ठेवून ५१ टक्क्यांचे गणित कायमचे जमणार नाही. वेकोलिच्या खाणी वाढतात त्या शेत आणि जंगल घेऊनच, आणि त्या जंगलासाठी संमती द्यायची की नाही हे वनहक्क कायद्याने ग्रामसभेकडे आहे. कोळसा कामगाराची नोकरी आणि तेंदू तोडणाऱ्याचे जंगल यांत संघर्ष आहेच. तो दडपून ठेवण्याऐवजी दोघांनी एकत्र बसून खाण कुठवर जाईल, बंद झालेल्या खुल्या खाणीची जमीन कोणाला परत मिळेल आणि तिथल्या झाडांच्या उत्पन्नावर कोणाचा हक्क असेल, हे ठरवणे शक्य आहे. वेकोलिच्या प्रत्येक क्षेत्रात कामगार संघटनांच्या बैठका होतात. त्या बैठकीला शेजारच्या ग्रामसभेचे दोन प्रतिनिधी बोलावण्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. येत्या हंगामाआधी ते करता येईल.